फूंकवाली डॉक्टरबाई

गेल्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये डॉक्टरबाईंची शोकसभा झाली. एकेक जण उठला आणि त्या किती मायाळू होत्या, किती मृदुभाषी होत्या, रुग्णांना किती गोड शब्दांत धीर द्यायच्या, हे सांगून खाली बसला. मी तिसऱ्या रांगेत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. भिलाई-दुर्गमध्ये या बाईंइतकं फटकळ माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. धीर मागणाऱ्याला तर त्या विचारायच्या, "तो कोणत्या दुकानात भेटते?" माणूस मेलं की त्याला धुऊन, इस्त्री करून, चारचौघांसारखं घडी घालून ठेवायची ही रीत मला मुळीच मान्य नाही.

ईशान, तारा, माझ्या नातवंडांनो, तुम्ही इतक्या लांब वाढता आहात की इथली माणसं तुमच्यापर्यंत फोटोतूनच पोचतात. फोटोत सगळेच हसतात. म्हणून ही बाई जशी होती तशी तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे. काही शब्द अडले तर आईला विचारा.

दुर्गच्या पद्मनाभपूर वस्तीत त्यांचं घर होतं. बाकीचे डॉक्टर निवृत्त झाले की गुलाब लावतात नाहीतर सत्संगाला जातात. यांनी श्वास तपासायचं एक यंत्र आणलं आणि घराच्या पुढच्या पडवीत मांडलं. डब्याएवढं यंत्र, त्याला एक नळी, नळीला दर माणसागणिक नवीन तोंडी. त्यात फुंकायचं आणि आकडा वाचायचा. आसपासचे लोक त्यांना 'फूंकवाली मैडम' म्हणू लागले. एकदा जामुलहून एक कुटुंब नातवाची नजर उतरवून घ्यायला आलं, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दुर्गला एक बाई फुंकर मारून बरं करते. डॉक्टरबाईंनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग पोराला मांडीवर आडवा घेऊन त्याचं पोट दाबून पाहिलं आणि जंताचं औषध देऊन पाठवलं. शोकसभेत ही गोष्ट सांगितली गेली, पण शिव्या गाळून.

यंत्राचं काम मला त्यांनी एकदाच समजावलं. मी इंग्रजीची मास्तरीण, तरी मला ते समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल. बद्धकोष्ठावर देतात ते एक गोड, पातळ औषध असतं. ते आपल्याला पचत नाही. उपाशी माणसाला ते दहीभातात कालवून खायला द्यायचं. जेवणाबरोबर ते जठरातून लहान आतड्यात आणि तिथून पुढे सरकत जातं. मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जंतू ते खातात आणि हायड्रोजन वायू सोडतात. तो रक्तात मिसळतो, फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणजे श्वासात ज्या वेळी हायड्रोजन वाढला, त्या वेळी जेवण तिथवर पोचलं. सुई नाही, नळी गिळणं नाही. नुसतं बसायचं आणि ठरावीक वेळाने फुंकायचं.

"तुमच्या स्टील प्लांटात भट्टीत कोणी डोकं घालून पाहते का?" त्या म्हणाल्या होत्या. "वरून निघते तो गॅस तपासते, अन् आत काय शिजून राहिलं ते सांगते. माणसाची भट्टी काय वेगळी हाय?"

तरी 'गॅस' हा शब्द पेशंटने उच्चारला की त्यांचा पारा चढायचा. सगळं भिलाई पोटात गॅस घेऊन फिरतं. "मैडम, गॅस है" असं कुणी म्हणालं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "ते मी सांगन. तुम्ही काय खाल्लं ते सांगा."

काय खाल्लं, हा त्यांचा नमस्कार होता. बाजारात भेटल्या तरी हेच, स्मशानात भेटल्या तरी हेच. लग्नात त्या जेवायच्या नाहीत. खुर्ची भिंतीला लावून बसायच्या आणि लोकांच्या ताटांकडे बघायच्या, परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारख्या. कडक खळ घातलेली सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. नवरा गेल्यावर ते घड्याळ त्यांनी आठवण म्हणून घातलं असं कुणीतरी हळवं होऊन सांगितलं. मी स्वतः विचारलं होतं. म्हणाल्या, "याचा सेकंदकाटा चांगला दिसते."

पडवीतले नियम कडक होते. झोपायचं नाही, फिरायचं नाही, बिडी-तंबाखू नाही, मोबाइलवर गाणी नाहीत. कुणाचे डोळे मिटायला लागले की त्या स्टीलच्या वाटीवर चमचा आपटायच्या. सगळ्यात कडक नियम नवऱ्यांसाठी होता. बाई पेशंट असली की नवरा फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली. एका ठेकेदाराने विचारलं, "क्यों मैडम, पैसा तो मैं दे रहा हूँ." त्यावर त्या म्हणाल्या, "पोट आपका नहीं है ना." बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देतो याचा त्यांना खरोखर संताप होता. त्या बाबतीत आमचं दोघींचं जमायचं. बाकी कशात नाही. त्या माझ्या पोह्यांना नावं ठेवत आणि मी त्यांच्या भाषेला.

आता विजूआजीविषयी. विजू म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमच्या धाकट्या आजोबांची बायको. सेक्टर सहामध्ये त्यांचं क्वार्टर, माझ्या घरापासून दोन रस्ते पलीकडे. तिला कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. मध्ये असं सुरू झालं की जेवली की पोट फुगायचं, मळमळायचं, आणि रात्री उलटी व्हायची. उलटीत सकाळचे वाटाणे. अख्खे. विजू सांगायची, "मी सकाळच्या जेवणानंतर काहीच खाल्लं नाही जी." आणि पुढ्यात तर वाटाणे दिसताहेत. साखर कधी आभाळाला, कधी पाताळात. रायपूरच्या एका डॉक्टरने दुर्बीण घालून पाहिलं, काही सापडलं नाही, आणि तो तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला म्हणाला, "इनका खाने पर कंट्रोल नहीं है."

झालं. तेवढं एक वाक्य पुरलं. त्या दिवसापासून विजू चोरून खाते असं घरात ठरलं. माझे दीर वाईट नव्हते, असं सगळे म्हणतात. तिच्या उशीखाली साखरेची पुडी सापडली तेव्हा त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली, पोलिसांनी मुद्देमाल ठेवावा तशी. "बघा वहिनी. हिच्यासाठी मी कोंडा आणतो, मेथ्या भिजवतो, कच्ची कोशिंबीर स्वतः कापतो. आणि ही बाई काय करते?" विजू समोर उभी होती. लेकुरवाळी, सुनेची सासू झालेली बाई. ती फक्त एवढंच म्हणाली, "मी खोटं नाही बोलत." आणि सुट्टीला आलेल्या तिच्या सुनेने नजर दुसरीकडे वळवली. ते मला अजून सहन होत नाही. एखाद्या बाईने स्वतःच्या घरात स्वतःच्या ताटाविषयी सांगितलेलं कुणी खरं मानत नसेल तर तिने राहायचं कुठे?

मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. दीरही आले. मुळात त्यांना यंत्रात रस होता. ते भट्टीवरचे अधिकारी, मीटर आणि आकडे यांवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा माणसांवर नव्हता. इंजेक्शन कधी घ्यायचं, आदल्या रात्री काय जेवायचं, सगळं डॉक्टरबाईंनी ठरवून दिलं होतं. सकाळी विजू कडकडीत उपाशी आली. पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नव्हता.

भात देण्याआधी एकदा नुसतं फुंकायचं असतं. उपाशी माणसाचा आकडा कमी यायला हवा. दीर फाटकाबाहेर थांबायचे सोडून पडवीच्या जाळीला नाक लावून उभे होते आणि त्यांनी मोबाइलवर हे सगळं वाचलेलं होतं. विजूने फुंकलं. आकडा भलताच वर गेला.

"देखा?" दीर जाळीतून म्हणाले. "मी काय सांगून राहिलो होतो, वहिनी? उपाशी आहे म्हणे. आता मशीनपण बोलली."

विजूचा चेहरा मी तुम्हाला सांगत नाही. आजवर माणसं तिला खोटी म्हणत होती, आता यंत्रही म्हणालं.

डॉक्टरबाई उठल्या, जाळीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "फाटकाच्या बाहेर. आणखी बाहेर. त्या स्कूटरपाशी." ते गेल्याची खात्री करून त्या परत आल्या, विजूला तांब्याभर पाणी दिलं आणि खळखळून चुळा भरायला लावल्या. थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला सांगितलं. आकडा बराच खाली आला.

"हे पोटातलं नाही, तोंडातलं हाय," त्या म्हणाल्या. "दात कायनं घासले सकाळी?"

विजूने पदराने ओठ पुसले.

"विजू, मी तुले रागावून नाही राहिली. सांगून टाक."

"गुडाखू," विजू म्हणाली.

तुम्हाला गुडाखू माहीत नसणार. तंबाखू आणि गूळ कुटून केलेली काळी पेस्ट. छत्तीसगडात कितीतरी बायका सकाळी ती बोटाने दातांना लावतात आणि ओट्यावर बसून राहतात. घरातल्या कामवाल्या बाईने विजूला दिली होती, मळमळ दबते म्हणून. मग सवय लागली. तिच्या हिशेबी ते खाणं नव्हतंच. दात घासणं म्हणजे काय खाणं आहे? पण गुळाने तोंडातल्या जंतूंना नाश्ता मिळाला होता आणि त्यांचा वायू यंत्राने पकडला होता. आपल्याकडच्या मराठी अधिकाऱ्याच्या घरात मात्र गुडाखू म्हणजे दारूच्या खालोखाल. "ह्यांना नका सांगू," विजू म्हणाली. "चोरटी तर म्हणतातच."

डॉक्टरबाई घड्याळात बघून उठल्या. मग फाटकापर्यंत गेल्या आणि दीरांना म्हणाल्या, "आजची टेस्ट रद्द. यंत्र चुकलं. सोमवारी या. अन् तुम्ही पण उपाशी या. दोघांची सोबत करते."

मला हे आवडलं नाही, आणि मी तसं बोलले. "तुमचं यंत्र चुकलं नव्हतं. तुम्ही खोटं सांगितलंत." त्या म्हणाल्या, "हाव. मंग?" जन्मभर शाळेतल्या मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली मी, त्या दिवशी रिक्षात बसून मनातल्या मनात भांडत आले. खोटं बोलण्याबद्दल तर होतंच, पण त्याहून अधिक याबद्दल, की एका प्रामाणिक बाईला सांभाळायला खोट्याचा आधार घ्यावा लागत होता. खरं सांगायची सोय कुणी ठेवली होती?

सोमवारी दोघं शेजारी-शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. नवऱ्याला पडवीत प्रवेश मिळालेला मी तेवढाच पाहिला. या वेळी विजूने साध्या पाण्याने चूळ भरली होती. पहिली फुंक दोघांचीही कमी आली. मग दोघांना सारखा दहीभात, सारखं औषध. दीरांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "चुपचाप खा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विजूनं काही म्हटलं का?"

मग ते लांबलचक बसणं. दीर पेपर वाचत होते. विजू अंगणातल्या कबुतरांकडे बघत होती. ठरावीक वेळाने वाटीवर चमचा वाजायचा आणि दोघं आळीपाळीने फुंकायचे. दीरांचा आकडा दुपारच्या आधीच चढायला लागला. सरळ वर, शहाण्या विद्यार्थ्यासारखा. विजूचा जागचा हलेना. ऊन पडवीच्या पायऱ्या उतरून कडुनिंबाकडे सरकलं, दीरांच्या पोटात कावळे ओरडू लागले, आणि विजूचं पोट फुगून आलं होतं, मळमळत होतं. आकडा मात्र तिथेच. तिचा दहीभात अजून वाटेत होता.

डॉक्टरबाईंनी यंत्र बंद केलं. "वर्षानुवर्षं साखर असली का कधीकधी जठराची नस ढिली पडते. जेवण तिथंच पडून राहते. पक्कं कराले एक स्कॅन करू, नागपूरले होते. पण आता समजून घ्या. सकाळचे वाटाणे रात्री उलटीत कावून येतात? कारण ते सकाळचेच असतात. इंजेक्शन आपल्या वेळेवर काम करते, जेवण आपल्या वेळेवर पोचत नाही. मंग साखर धाडकन खाली. घाम, थरथर. तवा त्या बाईनं साखरेचा चमचा तोंडात टाकला नाही तर ती सकाळी उठाची नाही. अन् हा कोंडा, मेथ्या, कच्ची कोशिंबीर. याच्यानं आणखी अडते. पातळ, मऊ, थोडं थोडं द्या."

त्या एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं, संपलं. आता तरी हा माणूस बायकोकडे वळेल.

दीरांनी पेपरची घडी केली. "मॅडम, राग मानू नका. आमच्याकडे जे इन्स्ट्रुमेंट एकदा चुकलं त्याला लाल टॅग लागतो. मग त्याचं कोणतंच रीडिंग धरत नाहीत. मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, यंत्र चुकलं. मग आजचं बरोबर कशावरून?"

 डॉक्टरबाईंनी खरं सांगितलं तर विजूचं गुपित फुटतं, न सांगितलं तर विजू खोटी ठरते. ज्या बाईजवळ ठेकेदारापासून कलेक्टरपर्यंत प्रत्येकाला उत्तर होतं, ती त्या खुर्चीत यंत्राची नळी गुंडाळत बसली होती. दीर उठले, सदरा नीट करू लागले. त्यांच्या पद्धतीने ते बरोबर बोलले होते, हेच मला खुपत होतं. 

"यंत्र नव्हतं चुकलं," विजू म्हणाली.

ती उभीसुद्धा राहिली नव्हती. "मी त्या दिवशी गुडाखू लावला होता. रोज लावत होती. बाईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. आज नाही लावला. आजचं खरं आहे, अन् मी आधी सांगत होती तेही खरं होतं."

 मला वाटलं होतं दीर काहीतरी बोलतील, चार शब्द, दोन शब्द. ते म्हणाले, "गुडाखू? आपल्या घरात?"

मुलांनो, मी मुद्दाम हे जसंच्या तसं लिहिते आहे. बायको आजारी आहे, ती मरू शकली असती, ती खरं बोलत होती, आणि या माणसाच्या कानात एवढाच एक शब्द शिरला. मला बोलायचं होतं. डॉक्टरबाईंनी हाताने मला थांबवलं.

"बसा," त्या दीरांना म्हणाल्या. ते बसले. "तुमच्या बायकोनं आज दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या. एक श्वासानं, एक तोंडानं. आता तुम्ही एक सांगा."

"मी काय सांगू?"

"ते तुमाले माहीत."

 दीर विजूकडे बघत नव्हते; यंत्राच्या नळीकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "मी रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावतो. ती उठून खाते म्हणून." आणि जरा थांबून, "आज सकाळीपण लावून आलो. टेस्ट होती म्हणून."

मला ते ठाऊक नव्हतं. दोन रस्ते पलीकडे राहून मला ठाऊक नव्हतं. विजूने कधी सांगितलंच नव्हतं. उशीखालची साखरेची पुडी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि ती टेबलावर मुद्देमालासारखी ठेवणारा हातही.

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त तळहात पुढे केला. "किल्ली."

दीरांनी पँटच्या खिशातून जुडगा काढला. एक किल्ली कडीतून सुटेना. नख मोडेपर्यंत त्यांनी ती ओढली आणि डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवायला गेले. बाईंनी हात मागे घेतला.

"मले कावून देता? माझं सैपाकघर हाय का?"

तेव्हा ते विजूकडे वळले. तिने किल्ली घेतली, पदराला पुसली, जशी काही उष्टी होती.

दीरांनी घसा साफ केला. सकाळपासून उपाशी होते, दहीभाताचे चार घास सोडले तर. "चल, घरी जाऊ. चहाची वेळ झाली."

विजू उठली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे, आणि खुर्चीत जरा रेलून बसली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "चहा मी आल्यावर."